पाचवी ते आठवी घरीच: विदर्भातल्या खेड्यात घरशाळा कशी उभी करावी

विदर्भातल्या कितीतरी गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथी-पाचवीला संपते. पुढचा वर्ग दुसऱ्या गावात, मधे पावसाळ्यात भरून वाहणारा नाला, नाहीतर दिवसातून एकदा येणारी एसटी. काही घरांत कारण वेगळं असतं. आजारपणात वर्ष गेलेलं असतं, पोर वर्गात फार मागे पडलेलं असतं, किंवा आईबापांनाच वाटतं की आपण घरी जास्त नीट शिकवू. कारण कोणतंही असो, दहा ते चौदा हे वय घरी शिकवायला चांगलं आहे आणि धोक्याचंही. या वयात पोर प्रत्येक गोष्टीला 'कसं काय?' विचारतं, आणि याच वयात ते कामाला उपयोगी पडायला लागतं. म्हणून सुरुवात पुस्तकांपासून करू नका.

आधी घरात स्पष्ट बोलून घ्या

रोज दोन-तीन तास एक मोठं माणूस फक्त त्याच्याजवळ बसणार आहे का? कापसाच्या वेचणीतही? सोयाबीनच्या सोंगणीतही? उत्तर नाही असेल, तर घरशाळा सुरू करू नका. शिकवणारं माणूस पदवीधर असलंच पाहिजे असं नाही. आठवीचं पुस्तक पोराच्या आधी स्वतः वाचायची तयारी असली की पुरे.

मुलीच्या बाबतीत मी जास्त कठोरपणे सांगेन. 'बाहेरगावी एकटीला कसं पाठवू' एवढंच कारण असेल, तर आधी बसचं पाहा. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे, आणि बऱ्याच तालुक्यांत शासनाच्या मानव विकास कार्यक्रमाच्या बस मुलींसाठीच धावतात. घरशाळेच्या नावाखाली स्वयंपाक, धुणीभांडी, धाकटी भावंडं आणि मग अठराच्या आधीच स्थळ पाहणं, हे आपल्याकडे घडतं. त्याला शिक्षण म्हणू नका.

वावराचंही तसंच. चौदा वर्षांखालच्या मुलाने घरच्या शेतीत शिकण्याच्या वेळेनंतर हातभार लावायला कायद्याची हरकत नाही. पण धोक्याचं काम नको आणि अभ्यासाची वेळ मोडायला नको. फवारणीच्या दिवशी तर पोर धुऱ्यावरही दिसू नये. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. मोठ्या माणसांची ती गत झाली, तिथे लेकरांचं काय!

मग कागद

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे त्याच्या कलम 10 नुसार पालकाचं कर्तव्य आहे. घरशाळेला या कायद्यात वेगळी मान्यता नाही, आणि पालकाला शिक्षेची तरतूदही नाही. मान्यता नसल्यामुळे शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात तुमच्या पोराचं नाव येऊ शकतं. लपवाछपवी करू नका. मुख्याध्यापकांना आणि केंद्रप्रमुखांना जाऊन भेटा, काय करणार आहात ते सांगा, पोराच्या वह्या दाखवा. गावातल्या गुरुजींशी संबंध चांगले ठेवले तर पुढे प्रयोगशाळेपासून प्रवेशापर्यंत सगळीकडे त्यांचीच मदत होते.

परीक्षेचे रस्ते असे आहेत. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ पाचवी आणि आठवीच्या पातळीची परीक्षा घेतं. केंद्राच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा, मुक्त मूलभूत शिक्षणाचा अभ्यासक्रम आहे. त्यात 'ब' स्तर पाचवीच्या आणि 'क' स्तर आठवीच्या बरोबरीचा. पुढे दहावीला एनआयओएसमधून बसता येतं, वय 14 पूर्ण हवं. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची तर 17 नंबरचा फॉर्म. त्यालाही 14 वर्षं पूर्ण आणि किमान पाचवी पास लागते. म्हणजे पाचवी पासचा कागद काहीही झालं तरी हातात असलाच पाहिजे.

शाळेतून नाव काढताना टीसी घ्या आणि त्यावरचं नाव, जन्मतारीख, जातीची नोंद तिथल्या तिथे वाचून पाहा. आपल्याकडे जातीचा दाखला आणि पुढे पडताळणी करताना शाळेची नोंद फार लागते. घरशाळेच्या पोराची नवीन नोंद कुठेच होत नसते, म्हणून जातीचा दाखला आत्ताच सेतू केंद्रातून काढून ठेवा.

काय गमावणार तेही ठाऊक असू द्या. मोफत पुस्तकं, गणवेश, शाळेतलं जेवण जातं. आठवीची एनएमएमएस शिष्यवृत्ती सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी असते, तीही जाते. सहावीला नवोदय या केंद्राच्या निवासी शाळेत घालायचा विचार असेल तर पाचवी शाळेतच होऊ द्या. माझं मत विचाराल तर पाचवी शाळेत करून सहावीपासून घरी, हा सगळ्यात कमी जोखमीचा रस्ता.

पहिला महिना फक्त पातळी तपासा

सहावीत आहे म्हणून सहावीचं पुस्तक उघडू नका. खेड्यांतल्या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' या सर्वेक्षणात मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागायला लावतात. घरीही तेच करा. अडखळलं तर रागावू नका, तिथूनच सुरू करा. अपूर्णांक पक्के नसताना सातवीचं गणित पुढे रेटणं म्हणजे पोराचं मन कायमचं उडवणं. हा महिना वाया गेला असं घरच्यांना वाटेल, त्यांना समजावा.

पुस्तकं बालभारतीचीच ठेवा, कारण परत शाळेत जायचं झालं तर तीच लागतील. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट उतरवता येतात, आणि पुस्तकातल्या क्यूआर कोडने दीक्षा ॲपवरचे व्हिडिओ उघडतात. गावात नेटवर्क धड नसतं. बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलात की आठवड्याचे व्हिडिओ उतरवून आणा.

वर्ष शेतीच्या हिशेबाने आखा

शाळांसाठी नियम सहावी ते आठवीला वर्षाचे 220 दिवस आणि 1000 तास असा आहे. घरी एकट्या पोराला तेवढे तास लागत नाहीत. दिवस मात्र मोडू नका. रोज थोडं, पण रोज.

मृगात घर पेरणीच्या धांदलीत असतं, तेव्हा तासभर वाचन आणि पाढे बास. पेरणी उरकली की पोळ्यापर्यंत पाऊस-पाण्याचे दिवस येतात. नवीन आणि अवघड धडे तेव्हा घ्या, वर्षातला हा काळ सोन्याचा आहे. तुम्ही भंडारा-गोंदियाकडचे असाल तर रोवणी जुलैत येते, तुमचा हिशेब थोडा पुढे सरकेल. सोंगणी आणि पहिल्या वेचणीत सकाळचे दोनच तास धरा, पण ते सोडू नका. दिवाळीनंतर मार्चपर्यंत सलग अभ्यास होतो. एप्रिलपासून ऊन पेटतं. सकाळी सहा ते नऊ एवढीच शाळा, दुपारी घरात पडून गोष्टींची पुस्तकं. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. पूर्ण उन्हाळा त्यात निघतो.

वावरातून गणित आणि विज्ञान काढा

1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिथून नई तालीम पुढे आली. सात वर्षांचं मोफत शिक्षण, मातृभाषेतून, हातच्या कामाभोवती गुंफलेलं. गांधीजींचा आग्रह होता की काम यंत्रासारखं शिकवायचं नाही, प्रत्येक कृतीमागचं कारण मुलाला कळलं पाहिजे. पोराला नुसतं वावरात नेऊन काही शिकणं होत नाही. तिथे पाहिलेलं मोजायचं, वहीत उतरवायचं, आणि पुस्तकातल्या धड्याशी जोडायचं, तेव्हा तो अभ्यास होतो.

मे महिन्यात सोयाबीनची उगवणशक्ती तपासण्याचं काम पोराकडे द्या. घरचं, औषध न लावलेलं बियाणं घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत 100 दाणे मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकायचं, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. साधारण आठवडाभराने नीट कोंब आलेले दाणे मोजायचे. 70 उगवले तर बियाणं पेरायला योग्य. समजा 60 च उगवले. 70 टक्क्यांला एकरी 30 किलो लागतं, तर 60 टक्क्यांला किती? उगवण कमी तर बियाणं जास्त, हे व्यस्तप्रमाण, सातवीच्या गणितातलं. 30 गुणिले 70 म्हणजे 2100, भागिले 60, आलं 35 किलो. या उत्तरावर घरचा खर्च ठरणार असतो, त्यामुळे पोर तीनदा तपासतं. पाठ्यपुस्तकातल्या गणितात एवढी काळजी क्वचित घेतली जाते.

आठवीत त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचं हेरॉनचं सूत्र आहे. वावराचा एखादा तिरपा तुकडा घ्या, टेपने तिन्ही बाजू मोजा. 50, 120 आणि 130 मीटर आल्या तर निम्मी परिमिती 150. मग 150, 100, 30 आणि 20 यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढायचं. आलं 3000 चौरस मीटर, म्हणजे 30 आर, सातबाऱ्याच्या भाषेत 0.30 हेक्टर, पाऊण एकराच्या किंचित आत. सगळ्या तुकड्यांची बेरीज सातबाऱ्याशी जुळते का ते पोराने पाहायचं. कपाशी चार फूट बाय एक फुटावर असेल तर एकरात झाडं किती? 43,560 भागिले 4, म्हणजे 10,890. प्रत्यक्षात उभी किती, तूट किती टक्के, ते एकेक ओळ मोजून काढा.

कपाशीत गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे सापळे, लावत असाल तर त्यातले पतंग रोज सकाळी पोराने मोजावेत आणि आलेख काढावा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की उपायाची वेळ झाली समजतात. निर्णय मोठ्यांचा, आकडे पोराचे. अंडी, अळी, कोष, पतंग हा क्रम मग पाठ करावा लागत नाही.

पावसाळ्यात सरळ उभ्या बाजूंचं भांडं उघड्यावर ठेवा आणि हवामान खात्यासारखं सकाळी साडेआठला पट्टीने मोजा. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर. एकरात सुमारे 4047 चौरस मीटर असतात. 20 मिलिमीटर पडला तर एकरावर ऐंशी हजार लिटर, म्हणजे दहा हजारांचे आठ टँकर. धुऱ्यावरून वाहून जाणारं पाणी मग पोराला वेगळं दिसायला लागतं.

वीज, आम्ल-आम्लारी, भिंग हे धडे मात्र घरी धड होत नाहीत. त्यासाठी जवळच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेत महिन्यातून एक दुपार मागून घ्या. नागपूर जवळ असेल तर रमण विज्ञान केंद्रात पूर्ण दिवस घालवा.

भाषा आणि इतिहास

पोर वऱ्हाडी किंवा झाडीबोली बोलतं, ती सुधारत बसू नका. 'आजी, तुह्या लग्नाच्या साली कापूस काय भाव होता?' असं त्याने आजीला विचारावं, ती सांगेल ते तिच्याच बोलीत लिहावं, आणि मग तेच पुस्तकी मराठीत लिहावं. दोन्ही लिहिता आलं की निबंधाची भीती जाते. रोज एक पान, एवढा नेम पुरतो.

इतिहास सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुग, आठवीला आधुनिक काळ असा येतो. तिन्हींची ठिकाणं आपल्याकडे आहेत: वाकाटकांसाठी पवनार आणि रामटेक, जिजाऊंसाठी सिंदखेड राजा, स्वातंत्र्यलढ्यासाठी सेवाग्राम. लोणारला गेलात तर एकाच दिवसात भूगोल आणि खगोल दोन्ही होतात, उल्केच्या आघाताने बेसाल्टात झालेलं ते विवर आहे.

इंग्रजीला रोज अर्धा तास मोठ्याने वाचन, हिंदी आपल्याकडे कानावर पडतेच.

सोबतीची सोय

घरशाळेचं पोर एकटं पडतं आणि ते पुस्तकाने भरून निघत नाही. गावात दोन-तीन घरं तयार असतील तर एकाने गणित, एकाने इंग्रजी असं वाटून घ्या. संध्याकाळी कबड्डी, क्रिकेट, सायकल, जे चालू असेल त्यात ते गेलंच पाहिजे, अभ्यास राहिला तरी. तान्हा पोळा, गणपती, मंडई, झाडीपट्टीचं नाटक, यांना सुट्टी द्या.

नोंद आणि परतीची वाट

प्रत्येक विषयाची वही तारखेसह जपा. महिन्याच्या शेवटी पुस्तकातल्याच स्वाध्यायाची लेखी परीक्षा घ्या. पेपर गुरुजींनी किंवा शेजारच्या ताईंनी तपासलेला बरा, आईबापांचा हात सैल असतो.

मधेच शाळेत परत जायचं झालं तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 नुसार वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. मात्र सहावी ते आठवीत जाताना पाचवीच्या परीक्षेचा प्रश्न येतो, म्हणून मघाशी तो कागद सांगितला. नववीला हायस्कूलमध्ये घालायचं असेल तर आठवीच्या मुक्त परीक्षेचा अर्ज सुटणार नाही याची काळजी घ्या. जानेवारीपासून तीन तासांचा पेपर घड्याळ लावून लिहायची सवय करा, कारण घरी शिकलेली पोरं उत्तर जाणतात पण वेळेत लिहीत नाहीत. निकाल लागला की टीसी, गुणपत्रक, आधार, जन्मदाखला आणि जातीचा दाखला घेऊन जूनमध्येच मुख्याध्यापकांना भेटा. विदर्भात शाळा बाकी राज्याच्या मागून उघडतात, पण जागा त्याआधीच भरतात.