वाचनालयाची यादी वेबसाइटवर : डेटाबेस सर्व्हर बसवणे आणि जोडणे

पेडणे तालुक्यातल्या एका वाचनालयाची यादी मी रजिस्टरातून वेबसाइटवर आणून दिली. तसंच काम तुमच्या गावात करायचं असेल, तर त्यासाठी उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम असलेला साधा कॉम्प्युटर पुरतो.

यादी साठवणारा डेटाबेस सर्व्हर म्हणून मी मारियाडीबी वापरतो. मायएसक्यूएल या तशाच प्रोग्रॅमचे एक मूळ कर्ते मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्ये त्यातूनच ही शाखा काढली. ती मोफत आहे. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, आधी ‘सुडो ॲप्ट अपडेट’, मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल मारियाडीबी-सर्व्हर’ अशी कमांड इंग्रजी अक्षरांत द्या. त्यानंतर ‘मारियाडीबी-सिक्युअर-इन्स्टॉलेशन’ चालवा. निनावी वापरकर्ते आणि टेस्ट डेटाबेस काढून टाका, रूटला, म्हणजे सगळे हक्क असलेल्या मुख्य वापरकर्त्याला, बाहेरून प्रवेश बंद करा.

आता ‘सुडो मारियाडीबी’ लिहून आत शिरा आणि डेटाबेस तयार करा. कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ८एमबी४ असाच सांगा; त्यात देवनागरी बसते. वेबसाइटसाठी वेगळा वापरकर्ता काढा आणि त्याला त्या एकाच डेटाबेसवर सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट (नोंदी वाचणं, घालणं, बदलणं, काढणं) एवढेच हक्क द्या. रूटचा पासवर्ड वेबसाइटच्या कोडमध्ये कधीही लिहू नका. साइटमध्ये कुणी घुसलाच, तर निदान सगळ्या सर्व्हरच्या किल्ल्या त्याच्या हाती लागत नाहीत.

जोडणीसाठी पीएचपी ही वेबसाइटच्या कोडची भाषा आणि त्याचं मायएसक्यूएल एक्स्टेन्शन बसवा. कोडला चार गोष्टी लागतात : होस्ट, डेटाबेसचं नाव, वापरकर्ता, पासवर्ड. पाचवी लोक विसरतात, ती म्हणजे जोडणीचा कॅरेक्टर सेट.

मीही विसरलो होतो. साइट सुरू केली आणि सभासदांच्या पत्त्यांत ‘वाळपई’च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! वर्षानुवर्षं हाताने लिहिलेली यादी आपल्याकडून बिघडली, या विचाराने पोटात गोळा आला. टर्मिनलमधून टेबल बघितलं, तर तिथे वाळपई जशीच्या तशी. माहिती शाबूत होती; जुन्या कोडमधल्या जोडणीत मात्र लॅटिन१ हा कॅरेक्टर सेट लिहिलेला होता आणि त्यात देवनागरी अक्षरंच नसतात. पीडीओच्या (पीएचपीतून डेटाबेसला जोडायच्या सोयीच्या) जोडणी-ओळीत यूटीएफ८एमबी४ घातलं आणि नावं परत आली. म्हणून पहिली नोंद ‘टेस्ट १’ अशी करू नका. ळ, जोडाक्षर, अनुस्वार असलेलं खरं नाव घाला आणि ते ब्राउझरमध्ये वाचून बघा.

वेबसाइट आणि डेटाबेस एकाच मशीनवर असतील, तर सेटिंगमधला बाइंड-ॲड्रेस, म्हणजे सर्व्हर ज्या पत्त्यावर जोडणी घेतो तो, १२७.०.०.१ (तेच मशीन) असाच राहू द्या. दोन वेगळी मशीन असतील, तर डेटाबेसच्या मशीनचा खासगी पत्ता तिथे द्या आणि फायरवॉलमध्ये डेटाबेसचा ३३०६ हा पोर्ट (जोडणीचं दार) फक्त वेब सर्व्हरच्या पत्त्याला उघडा. वापरकर्ता काढतानाही ‘लोकलहोस्ट’ (तेच मशीन) याऐवजी त्या वेब सर्व्हरचा पत्ता लागतो, नाहीतर पासवर्ड बरोबर असूनही सर्व्हर जोडणी नाकारतो.

आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. यूपीएस घ्याच, आणि रोज रात्री ‘मारियाडीबी-डंप’ने बॅकअप काढून तो दुसऱ्या डिस्कवर ठेवा. महिन्यातून एकदा ती फाइल रिकाम्या डेटाबेसमध्ये उतरवून नोंदींची संख्या जुळते का आणि ‘वाळपई’ नीट दिसते का, ते पाहा.