वाळवंटातल्या आडरस्त्यांवर मोटरहोम न्यायचं असेल तर

अमेरिकेतलं ॲरिझोना, युटा, नेवाडा आणि कॅलिफोर्नियाचा पूर्वेकडचा वाळवंटी पट्टा, इथे मोटरहोम, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन फिरायचं आणि रोजच्या मुक्कामाचं बुकिंग करायचंच नाही, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. असं फिरणं नक्की जमतं आणि एकदा जमलं की बुकिंगवाल्या ट्रिपा नको वाटायला लागतात. कुठे थांबायचं, किती दिवस राहायचं, उद्या डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे सगळं मोकळं सोडा, पण पाणी, इंधन आणि कुठून मागे फिरायचं हे तीन हिशेब मात्र कधीच मोकळे सोडू नका. हे तीन पक्के असले ना की बाकी प्लॅन दिवसातून दोनदा बदलला तरी काही बिघडत नाही.

पहिलं म्हणजे मुक्कामाची जागा. या भागात प्रचंड जमीन सरकारी आहे आणि त्यातली बरीच ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याकडे आहे, सगळे बीएलएमच म्हणतात. बहुतेक बीएलएम जमिनीवर जिथे आधी गाड्या थांबल्याच्या खुणा आहेत तिथे फुकट मुक्काम करता येतो, साधारण नियम असा की २८ दिवसांत १४ दिवस, मग तिथून बरंच लांब हलायचं. नळ नाही, वीज नाही, कचराकुंडी नाही, सगळं आपलं आपण. नॅशनल पार्कच्या आत हे चालत नाही, तिथे प्रत्येक पार्कचे नियम वेगळे आणि बहुतेक ठिकाणी कॅम्पग्राउंडच घ्यावं लागतं. नवाहो नेशनसारख्या आदिवासी भूमीवर तर परवानगीशिवाय आडरस्त्याला गाडी घालूच नका, ती त्यांची जमीन आहे. आणि हो, ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत पण नवाहो नेशनमध्ये करतात, त्यामुळे टूरची वेळ घेतली असेल तर कुठल्या वेळेनुसार ते विचारून घ्या.

भाड्याची मोटरहोम असेल तर निघायच्या आधी करार नीट वाचा. बऱ्याच कंपन्या कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायला सरळ मनाई करतात, काही उन्हाळ्यात डेथ व्हॅलीलाही, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या त्या भयंकर तापणाऱ्या नॅशनल पार्कलाही, नको म्हणतात. मनाई असेल तर पक्क्या रस्त्यांवरूनच फिरा, त्यातही आडवाटा भरपूर आहेत, नियम मोडून आत गेलात आणि गाडी अडकली तर टोइंगपासून दुरुस्तीपर्यंत सगळं तुमच्या अंगावर येतं.

आता रोजचा प्लॅन. मी सकाळी चहा होईपर्यंत दोन जागा ठरवते, एक मनातली आणि एक पक्क्या रस्त्यालगतची नक्की मिळेल अशी, आणि दुपारी तीनच्या आसपास कुठे जायचं ते फायनल करते म्हणजे उजेड असताना पोचता येतं. अंधारात अनोळखी कच्च्या रस्त्यावर मोटरहोम नेऊच नका, खड्डा दिसत नाही, वळवायला जागा आहे का ते दिसत नाही. वीकेंडला मात्र गुरुवारी दुपारपर्यंत जागा धरून बसलेलं बरं, शुक्रवारी संध्याकाळी सगळीकडे गर्दी होते.

प्लॅन बदलायचं सगळ्यात चांगलं साधन म्हणजे उंची, आणि याच्याकडे लोक फार दुर्लक्ष करतात असं माझं मत आहे. साधारण दर १,००० फुटांना तापमान ३ ते ४ डिग्री फॅरनहाइटने उतरतं. फिनिक्स १,१०० फुटांवर आणि फ्लॅगस्टाफ ७,००० फुटांवर, दोन अडीच तासांचं अंतर पण हवा एकदम वेगळी. गरम झालं की वर सरकायचं, रात्री गोठायला लागलं की खाली उतरायचं, एवढ्या एका नियमावर आठवडेच्या आठवडे मजेत फिरता येतं. डेथ व्हॅली, मोहावी वाळवंट, दक्षिण ॲरिझोना हे सगळे सखल भाग ऑक्टोबर ते एप्रिलमध्येच करा. डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ डिग्री सेल्सिअसची नोंद झालेली आहे, आणि मोटरहोमचा एसी आतल्या दिव्या-पंपांसाठी असलेल्या बॅटरीवर रात्रभर चालेल या भरवशावर राहू नका.

पाणी. माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास, हे फक्त प्यायचं आणि स्वयंपाकाचं, त्यातही हा कमीत कमी आकडा आहे. अंघोळ भांडी वेगळी. मुख्य टँकवर सगळं सोडू नका, एखादा नळ गळत राहिला किंवा पंप बंद पडला तर सगळंच गेलं, म्हणून पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये ठेवा आणि ठरवलेल्या मुक्कामापेक्षा तीन दिवस जास्त पुरेल एवढं ठेवा. वजनाचं पण लक्षात असू द्या, ४० गॅलन म्हणजे दीडशे किलो, गाडीची वजनाची मर्यादा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असते. तरी वजन कमी करायचं असेल तर सामान काढा, पाणी काढू नका.

इंधनाचा माझा हिशेब तिसऱ्या हिश्श्याचा, एक भाग जायला, एक यायला, एक हात न लावता ठेवायचा. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटरहोममध्ये जनरेटर बहुतेक वेळा मुख्य टाकीतूनच पेट्रोल ओढतो आणि टाकी पावच्या आसपास आली की आपोआप बंद पडतो, ती सोय तुम्हाला गावापर्यंत पोचता यावं म्हणूनच आहे, पण आडरस्त्यावर पाव टाकी पुरेलच असं नाही. मोठ्या रस्त्यावर पण गाफील राहू नका, युटात इंटरस्टेट ७० वर ग्रीन रिव्हर ते सलायना या १०० मैलांहून जास्त टप्प्यात एकही पंप नाही.

आता खरा विषय, रस्ता. नकाशावर सगळे कच्चे रस्ते एकसारखेच दिसतात पण त्यात जमीन अस्मानाचा फरक असतो. युटातल्या व्हॅली ऑफ द गॉड्सचा १७ मैलांचा रस्ता कोरडा असेल तर लहान मोटरहोम हळूहळू जाऊ शकते, पण तिथून जवळच युटाच्या राज्यमार्ग २६१ वर मोकी डगवे आहे, खडीचा घाट, १० टक्के चढ आणि कठड्याशिवायची वळणं, तिथे २८ फुटांपेक्षा लांब किंवा १०,००० पौंडांपेक्षा जड गाडी नेऊ नका अशी राज्याची शिफारस आहे. डेथ व्हॅलीचा रेसट्रॅक रोड एका बाजूला जवळपास २७ मैल, दगड इतके धारदार की टायर फाटतात, तिथे मोटरहोम न्यायचा विचारच करू नका, पार्कजवळून जीप भाड्याने घ्या. जीपीएस तर कुठल्याही बंद पडलेल्या खाणीच्या वाटेवर पाठवतो, डेथ व्हॅलीत पार्कवाले स्वतः सांगतात की त्याच्यावर विसंबू नका. त्यामुळे ऑफलाइन नकाशा आणि कागदी नकाशा दोन्ही, आणि जवळच्या रेंजर ऑफिसला जाऊन किंवा फोन करून एवढंच विचारायचं की आज रस्ता कसा आहे आणि माझ्या लांबीची गाडी वळेल का. गाडीची लांबी, उंची आणि वजन एका चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डला लावून ठेवा.

आत शिरायच्या आधी पायी अर्धा मैल चालून या, सोबत सायकल असेल तर आणखी छान. कुठे वळवता येईल त्या जागा नकाशात मार्क करत जा, आणि मागची वळायची जागा फार लांब राहिली आणि पुढे रस्ता बिघडत चाललाय असं वाटलं की तिथेच थांबा, खाली उतरून बघा, आणखी थोडं जाऊन बघू असं करू नका. वॉशबोर्डवर, म्हणजे आडव्या लाटा पडलेल्या रस्त्यावर, ताशी १० ते १५ मैल, कपाटं चिकटवून आणि भांड्यांमध्ये टॉवेल घालून. कार जोरात नेली की लाटांवरून तरंगते म्हणतात पण मोटरहोमचं असं करू नका, स्क्रू निघतात, पाइप सुटतात. मागचा भाग चाकांच्या फार बाहेर असतो, त्यामुळे कोरडा ओढा ओलांडताना तोच आधी घासतो, एकाने खाली उतरून बघायचं. टायरमधली हवा थोडी कमी केली तर आराम पडतो पण कॉम्प्रेसर जवळ असेल आणि भरलेल्या गाडीला किती कमी चालते हे टायरच्या तक्त्यात बघितलं असेल तरच. स्पेअर आहे का तेही आधी बघा, कित्येक मोटरहोममध्ये नसतोच.

पावसाचं गणित वेगळं. तिथला मान्सून १५ जून ते ३० सप्टेंबर धरतात, आणि पूर यायला तुमच्या डोक्यावर पाऊस पडावा लागत नाही, दूरच्या डोंगरात पडला तरी कोरड्या ओढ्यातून पाणी येतं. म्हणून ओढ्याच्या पात्रात मुक्काम कधीच नाही, कितीही सपाट आणि सावलीची जागा असो. २० ऑगस्ट २०२३ ला हिलरी वादळात फर्नेस क्रीकला एका दिवसात २.२ इंच पाऊस झाला, वर्षभराच्या सरासरीपेक्षा जास्त, आणि पार्क १५ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिलं. ॲरिझोनात अडथळे लावलेल्या पाण्याच्या रस्त्यात गाडी घातली तर सुटकेचा खर्च ड्रायव्हरकडून वसूल करता येतो, तसा कायदाच आहे. युटात कॉटनवुड कॅनियन रोडसारख्या ठिकाणी मातीत बेंटोनाइट नावाची चिकणमाती असते, ओली झाली की साबणासारखी होते आणि फोर बाय फोरसुद्धा सरकते. पाऊस झाला तर एक दोन दिवस तिथेच राहायचं, सुकू द्यायचं, आणि ते तीन दिवसांचं जादा पाणी याच्यासाठीच आहे. धुळीचं वादळ आलं तर रस्त्यावरून पूर्ण बाजूला व्हा, दिवे बंद करा, ब्रेकवरून पाय काढा, नाहीतर मागचा माणूस तुमचे दिवे बघत तुमच्यावर येतो.

मुक्कामाला आधीच्याच टायरखुणांवर गाडी लावा. काळसर खडबडीत माती दिसली तर त्यावर पायही ठेवू नका, ती जिवंत असते, तिच्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे जमीन धरून राहते आणि एका चाकाच्या खुणेतून सावरायला तिला कित्येक दशकं लागतात. फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर गाडी समतल हवी. ग्रे टँक (भांडी-अंघोळीचं सांडपाणी) आणि ब्लॅक टँक (संडासाचं) डंप स्टेशनलाच, म्हणजे ते रिकामे करायच्या ठरलेल्या जागीच, रिकामे करा, भांड्यांचं पाणीसुद्धा जमिनीवर सोडू नका. ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूची सावलीची कापडी कनात, उघडी ठेवून फिरायला जाऊ नका, वारा सांगून येत नाही.

फोनला रेंज नसणार हे धरूनच चला. निघताना घरच्या कुणाला तरी सांगा की या रस्त्याने आत जातेय, अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत मेसेज नाही आला तर शेरीफच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक पोलिसांच्या, ऑफिसला कळवा, आणि प्लॅन बदलला तर त्यांना कळवल्याशिवाय पुढे जाऊ नका. सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे रेंज नसली तरी उपग्रहावरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र, घ्याच, आयफोन १४ किंवा त्यापुढचा असेल तर त्यात सॅटेलाइटवरून इमर्जन्सी मेसेजची सोय आहे, घरी असतानाच त्याचा डेमो करून बघा. गाडी अडकली तर गाडी सोडून चालत निघू नका. सावली तिथे आहे, पाणी तिथे आहे, आणि वरून शोधणाऱ्याला चालणाऱ्या माणसापेक्षा पांढरी मोटरहोम लवकर दिसते.