कोल्हापूर ते नागपूर विमानाने खरंच किती वेळ? हिशोब असा करा

वहिनीचं माहेर नागपूर आणि आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळे दर सुट्टीत घरात हाच विषय. नेटवर टाकलं की ७०० किमी आणि पाऊण-एक तास असं काहीतरी येतं, ते बघून दादा म्हणतो मग सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ की 😄

आधी अंतर. कॉम्प्युटरवर गूगल मॅपमध्ये कोल्हापूरच्या उजळाईवाडी एअरपोर्टवर राइट क्लिक करा, 'मेजर डिस्टन्स' निवडा, मग नागपूर एअरपोर्टवर क्लिक, झालं. गावाच्या नावावर नको, धावपट्टीवरच क्लिक करा. हाताने काढायचं असेल तर त्याच राइट क्लिकमध्ये वरती अक्षांश-रेखांश दिसतात, कोल्हापूर १६.६६, ७४.२९ आणि नागपूर २१.०९, ७९.०५. अक्षांशाचा फरक ४.४३, एका अंशाचे साधारण १११ किमी म्हणजे ४९२. रेखांशाचा फरक ४.७६, पण आपल्या पट्ट्यात एक अंश साधारण १०५ किमीचाच भरतो कारण वर जाल तशा रेषा जवळ येतात, म्हणजे ५००. आता शाळेतला पायथागोरस लावा, उत्तर ७०० च्या आसपास. आलं ना बरोबर!

आता वेळ. बऱ्याच साइट अंतराला एका ठरलेल्या स्पीडने भागतात आणि मोकळ्या होतात. विमान कुठलं ते आधी बघा. एटीआर म्हणजे पंख्याचं विमान ताशी ५०० च्या आसपास जातं, जेट ८०० च्या आसपास. त्यात टॅक्सी, चढणं, उतरणं याची २०-२५ मिनिटं धरा, म्हणजे एटीआरला पावणेदोन तास, जेटला सव्वा तासाच्या आसपास. हिवाळ्यात वर पश्चिमेचं वारं असतं, त्यामुळे नागपूरहून परत येताना थोडं जास्तच लागतं.

आणि घर ते घर? एअरपोर्टला जायला अर्धा तास, दीड तास आधी पोचायचं (बऱ्याच एअरलाइनचं काउंटर तासभर आधी बंद होतं हां), एटीआरचे पावणेदोन, बॅगेची २० मिनिटं, सोनेगावहून (नागपूरचं एअरपोर्ट तिथे आहे) गावात यायला अर्धा. झाले साडेचार तास. तरी महाराष्ट्र एक्सप्रेसने अख्खा दिवस जातो त्यापेक्षा बरंच की.

तारीख ठरवताना मात्र डायरेक्ट फ्लाइट त्या वारी आहे का ते आधी बघा, छोट्या एअरपोर्टला रोज असेलच असं नाही. नसेल तर व्हाया मुंबई, ३१० अधिक ६८० म्हणजे ९९० किमी. हवेतले किलोमीटर २९० ने वाढतात, पण खरा वेळ जातो तो मुंबईत बसण्यात. दोन तिकिटं वेगवेगळी काढली तर बॅग घेऊन परत चेक-इन, टर्मिनल वेगळं निघालं तर बाहेर पडून गाडी, म्हणून मध्ये तीन तास तरी ठेवा. दादाला एवढं सगळं लिहून पाठवलंय, अजून ब्लू टिक नाही.