फौजी सिग्नलची जुनी पुस्तकं घरात निघाली? या चुका टाळा

आजोबांच्या लोखंडी पेटीत सिग्नलची, म्हणजे फौजेत दूरवर निरोप पोचवायच्या कामाची, तीन पुस्तकं निघाली आणि त्यातलं एक मी पहिल्याच आठवड्यात नासवलं. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावली. दोन उन्हाळ्यांत पट्टी पिवळी पडून गळाली, डिंक मात्र कागदात मुरला. आता तिथला मजकूर तेलकट डागातून वाचावा लागतो. तेव्हा पहिलं सांगणं हेच: चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. सुटं पान साध्या पांढऱ्या कागदाच्या घडीत ठेवून द्या.

आमचं गाव रामटेक तालुक्यातलं. कामठीची छावणी १८२१ पासूनची, त्यामुळे फौजेतून परतलेल्यांच्या पेट्या आमच्या भागात बऱ्याच घरांच्या माळ्यावर असतात. पावसाळ्यात पेटी उघडली की कुबट वास येतो आणि माणूस सरळ गच्ची गाठतो. मीही गाठली होती. आजी खालून ओरडली, "काय गा, पोथ्या वाळू घातल्या का पापडासंगं?" मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन पापडाला बरं. युद्धकाळातला हलका कागद त्यात तपकिरी होतो आणि दुमडला की तुटतो. पुस्तक सावलीत, पंख्याखाली, पानं थोडी उघडी ठेवून वाळवा. पिना गंजल्या असतील तर ओढू नका. मागच्या बाजूने दोन्ही पाय सरळ करा, मग त्या अलगद निघतात.

पानांवर चिकटवलेल्या छापील चिठ्ठ्या दिसल्या तर "खालचं मूळ काय असेल" म्हणून उचकटू नका. त्या दुरुस्त्या आहेत. नियम बदलला की पुस्तक नवं मिळत नसे, चिठ्ठी येई आणि जवान ती डकवे. कोणत्या साली काय बदललं हे त्या चिठ्ठ्याच सांगतात. चिठ्ठीची खळ कसरीला फार आवडते, म्हणून तपासणी मात्र नेमाने करा.

आता वाचताना होणाऱ्या चुका. माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक म्हणजे 'पिप एमा'. आजोबांच्या वहीत जागोजागी "६ पिप एमा", "४ अ‍ॅक एमा" असं लिहिलेलं. मी महिनाभर एमा नावाच्या कुण्या मडमेचा शोध घेत होतो! तारेवर किंवा टेलिफोनवर ऐकताना अक्षरांची गफलत होऊ नये म्हणून इंग्रज फौजेने अक्षरांना नावं दिली होती. ए म्हणजे अ‍ॅक, बी म्हणजे बीअर, एम म्हणजे एमा, पी म्हणजे पिप, टी म्हणजे टॉक. म्हणजे पिप एमा ही पी.एम., दुपारनंतरची वेळ. विमानविरोधी तोफेला अ‍ॅक-अ‍ॅक म्हणतात तेही इथूनच आलं.

याच नावांवरून पुस्तकाचं वय काढता येतं. मुखपृष्ठ गेलेलं असलं तरी आत अ‍ॅक-बीअर असेल तर मजकूर साधारण १९४३ च्या आधीचा. ए-बीला एबल-बेकर अशी नावं असतील तर तिथून पुढचा, आणि अल्फा-ब्राव्हो असतील तर १९५६ च्या आसपासचा किंवा नंतरचा. हिंदुस्थानी फौजेत सिग्नलची स्वतंत्र तुकडी १५ फेब्रुवारी १९११ ला उभी राहिली, हेही ध्यानात असू द्या. पुस्तक अलीकडचं असेल आणि त्यावर गोपनीयतेचा शिक्का असेल तर फोटो काढून गटात टाकायचा मोह आवरा. १९२३ चा गुपितांचा कायदा अजून लागू आहे.

चित्रांतही फसगत होते. एकच झेंडा घेतलेला माणूस मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची सांकेतिक अक्षरं, देतोय: लहान झोका म्हणजे टिंब, मोठा म्हणजे रेघ. दोन झेंडे असतील तर सेमाफोर, तिथे हातांच्या कोनावरून अक्षर ठरतं. मागे गडद झाडी असेल तर निळ्या पट्ट्याचा पांढरा झेंडा, मागे आभाळ असेल तर गडद निळा. काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात झेंडा वेगळा दिसला म्हणजे देश वेगळा असं नव्हे.

आणि हेलिओग्राफ. आरशाने ऊन पाडून दूर निरोप पोचवायचं हे यंत्र हेन्री मान्स याने १८६९ मध्ये बनवलं आणि दुसऱ्या अफगाण युद्धात त्याने भरपूर काम दिलं. पुस्तक वाचून मला वाटलं, त्यात काय आहे! पुतण्याला गडावर पाठवलं, मी पाच किलोमीटरवरच्या आमच्या गच्चीवर दाढीचा आरसा विटांवर टेकवून नेम धरला आणि चहा घ्यायला उतरलो. फोन आला, "काका, काई दिसून नाही राह्यलं!"

कारण पुस्तकातच होतं, मी ते पान उडवलं होतं. आरशावरून गेलेला उन्हाचा झोत जेमतेम अर्धा अंश रुंद असतो, म्हणजे पाच किलोमीटरवर पंचेचाळीस मीटरच्या आसपास. सूर्य मिनिटाला पाव अंश सरकतो. झोत नेमका गडावर धरला तरी मिनिटभरात तो गड सोडून बाजूच्या झाडीत जातो. म्हणून खऱ्या यंत्राला बारीक फिरवायचे स्क्रू असतात आणि एक माणूस सारखा ते फिरवत राहतो. सूर्य पाठीशी असेल तर एका आरशाने भागत नाही, दुसरा लावून ऊन वळवून घ्यावं लागतं.

दुसऱ्या खेपेला नेम जमला. मी आरशापुढे पुठ्ठा हलवून 'ए एम बी ए' पाठवलं. आंबा. पुतण्याने लिहून घेतलं, 'ई टी टी टी बी ए'. चूक माझीच. मोर्समध्ये रेघ टिंबाच्या तिप्पट, एकाच अक्षरातली फट टिंबाएवढी आणि दोन अक्षरांमधली फट तीन टिंबांएवढी. मी अक्षराच्या पोटातच दम घेत होतो, त्यामुळे टिंब-रेघेचा 'ए' फुटून टिंबाचा 'ई' आणि रेघेचा 'टी' झाला, आणि 'एम'चे दोन 'टी'. आजोबांच्या पुस्तकात त्या नियमाखाली पेन्सिलीने दोन रेघा ओढलेल्या आहेत. बहुधा त्यांचंही तिथेच अडलं असावं.