पहिली मोठ्या बोअरची रिव्हॉल्व्हर: घ्या जड, सुरुवात करा सौम्य काडतुसांनी

.२२ वर (हे आकडे साधारण गोळीची जाडी इंचात सांगतात) हात बसला, .३८ स्पेशलचे ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचे झुबके, बऱ्यापैकी आवळले, की बहुतेकांना एक दिवस वाटतंच की आता काहीतरी मोठं हवं. मलाही तसंच वाटलं होतं आणि मी जे केलं ते करू नका म्हणून हे लिहितोय. रेंजवर एकाने त्याची .४४ मॅग्नम हातात दिली, आत फुल लोडची सहा काडतुसं, मी सलग सहाच्या सहा बार काढले. पहिला बार टार्गेटवर, दुसरा कडेला, बाकीचे कुठे गेले ते कागदालाही कळलं नाही. तळहात झिणझिणला ते तासाभरात गेलं, पण बार व्हायच्या आधीच दचकायची सवय लागली ती जायला कित्येक महिने लागले, आणि तीसुद्धा मोठ्या रिव्हॉल्व्हरपुरती नाही, माझी .२२ पण बिघडली. त्यामुळे माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो: रिव्हॉल्व्हर मोठी आणि जड घ्या, आणि तिच्यात बरेच दिवस सौम्य काडतुसं चालवा. मोठ्या बोअरची खरी मजा तिथेच आहे.

लायसन्स, कायदा, रेंजचे नियम हे सगळं आपापल्या जागेप्रमाणे आधी नीट करून घ्या, त्यात पळवाट नको. आणि चार मूळ नियम तर झोपेत पण पाठ पाहिजेत: हत्यार भरलेलंच आहे असं समजायचं, ज्याला इजा व्हायला नको त्याच्याकडे नळी करायची नाही, साइट टार्गेटवर येईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, आणि टार्गेटच्या मागे काय आहे ते माहीत असल्याशिवाय बार नाही. मोठ्या बोअरला शेवटचा नियम जास्तच लागू पडतो कारण ही गोळी खूप आरपार जाते. घरी आणल्यावर कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात.

आता मोठा बोअर म्हणजे काय, तर साधारण .४० इंचाच्या वरची गोळी. .३५७ मॅग्नम, जी १९३५ ची, ती ताकदीने जोरदार आहे पण गोळी .३८ स्पेशलचीच, म्हणून तिला यात धरत नाहीत. यातलं सगळ्यात जुनं आणि अजूनही जोरात चालणारं म्हणजे .४५ कोल्ट, १८७३ च्या कोल्टच्या सिंगल अॅक्शन आर्मी या रिव्हॉल्व्हरबरोबर नाव झालेलं. मग १९०७ च्या सुमाराला .४४ स्पेशल आलं. ते अगदी शांत काडतूस, २४६ ग्रेनची म्हणजे जवळपास १६ ग्रॅमची गोळी सेकंदाला २३० मीटरच्या आसपास जाते. एल्मर कीथ नावाचा माणूस वर्षानुवर्षं याच .४४ स्पेशलमध्ये जास्त दारू भरून प्रयोग करत होता आणि कंपन्यांच्या मागे लागला होता, त्यातून १९५५ मध्ये .४४ मॅग्नम जन्माला आलं. तशाच वजनाची गोळी, पण वेग सेकंदाला ४०० मीटरच्या वर. .४१ मॅग्नम १९६४ चं, चांगलं काडतूस आहे पण लोकप्रियतेत मागे राहिलं त्यामुळे काडतुसं शोधत बसावी लागतात. .४५४ कॅसुल, .४६० आणि २००३ ची .५०० स्मिथ अँड वेसन, ही मंडळी पहिल्या खरेदीत नकोतच. .५०० ची ताकद फुल .४४ मॅग्नमच्या दुप्पट आणि वर आहे, त्यात शिकायला काही उरत नाही, नुसतं सोसायचं.

मग पहिली कुठली? माझं उत्तर .४४ मॅग्नमची रिव्हॉल्व्हर, आणि कारण मॅग्नम नाही, स्पेशल. .४४ मॅग्नमचं चेंबर, म्हणजे सिलिंडरमधलं काडतुसाचं घर, लांब असतं त्यामुळे .४४ स्पेशल त्यात आरामात चालतं (उलटं मात्र नाही, मॅग्नम स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसतच नाही आणि बसू नये म्हणूनच केस, म्हणजे पुंगळी, साधारण ३ मिलिमीटर लांब केलेली आहे). म्हणजे एकाच रिव्हॉल्व्हरमध्ये अगदी मऊ धक्क्यापासून ते दात हलवणाऱ्या धक्क्यापर्यंत सगळा जिना तुमच्या हातात, एकेक पायरी चढा, वाटलं तर खाली उतरा. नावात .४४ असलं तरी गोळी खरी .४२९ इंचाची असते, म्हणजे १०.९ मिलिमीटर, स्वतः काडतुसं भरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

.४५ कोल्टवर माझं मनापासून प्रेम आहे आणि ज्याला मॅग्नमची हौसच नाही त्याने तीच घ्यावी, पण तिच्यात एक खड्डा आहे. तिचा ठरलेला दाब १४,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), .४४ मॅग्नमचा ३६,०००. काही कंपन्या .४५ कोल्टचीच काडतुसं खूप जास्त दाबाची बनवतात, ठरावीक मजबूत रिव्हॉल्व्हरसाठी, आणि ती जुन्या नमुन्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पण तितक्याच सहज बसतात. तिथे सिलिंडर फुटू शकतं. म्हणून खोक्यावरचं वाचल्याशिवाय .४५ कोल्टचं एकही काडतूस भरू नका. तिसरा पर्याय .४५ एसीपीची रिव्हॉल्व्हर. हे काडतूस मुळात पिस्तुलाचं, त्याला मागे बाहेर आलेली कडा (रिम) नाही, म्हणून पातळ पत्र्याच्या मून क्लिपमध्ये सहा अडकवून एकदम भरायची. धक्का सौम्य, रिकाम्या पुंगळ्या एकत्र बाहेर, काडतूस बहुतेक ठिकाणी सहज मिळतं. क्लिप वाकली तर सिलिंडर अडतं तेवढं सांभाळायचं.

वजनाबद्दल माझं मत पक्कं आहे. १.३ किलोच्या खालची .४४ मॅग्नम पहिली म्हणून घेऊ नका. दुकानात हातात धरून हलकी छान वाटते, रेंजवर तीच हलकी तुमच्यावर सूड उगवते. तीच गोळी, तीच दारू, पण हत्यार हलकं झालं की मागे येण्याचा वेग वाढतो आणि हाताला झोंबतो तो वेगच. नळी ५ ते ६.५ इंच, यात साइट रेडियस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर, चांगला मिळतो, पुढचं वजन नळी उडू देत नाही आणि साडेसात-आठ इंचासारखी दंडावर लोळत पण नाही.

डबल अॅक्शन की सिंगल? दोन्हीत मजा आहे. स्मिथ अँड वेसनच्या मोठ्या एन फ्रेमवाल्या आणि रुगरची रेडहॉक ह्या डबल अॅक्शन, सिलिंडर बाजूला उघडतं, नुसता ट्रिगर ओढूनही बार होतो, हॅमर मागे ओढूनही. डबल अॅक्शनचा ओढा साधारण साडेचार-साडेपाच किलोचा, सिंगलचा दीड-दोन किलोच्या आसपास. रुगर सुपर ब्लॅकहॉक, १९५९ पासूनची, ही सिंगल अॅक्शन. प्रत्येक बाराला अंगठ्याने हॅमर ओढायचा, एकेक काडतूस गेटमधून भरायचं. हिची मूठ नांगराच्या मुठीसारखी वळलेली असते, धक्क्यात ती तळहातात फिरते आणि नळी वर जाते, त्यामुळे धक्का थोडा विरून जातो. काहींना हे फार आवडतं आणि काहींची बोटं ट्रिगर गार्डच्या मागच्या कडेवर आपटतात, ते धरूनच कळतं. जुन्या कोल्ट पद्धतीच्या सिंगल अॅक्शनमध्ये ट्रान्सफर बार (ट्रिगर ओढल्याशिवाय हॅमरचा मार काडतुसापर्यंत पोचू न देणारी पट्टी) नसतो, तिथे पाचच काडतुसं भरायची आणि हॅमर रिकाम्या चेंबरवर ठेवायचा, ही गोष्ट आयुष्यभर विसरायची नाही. रुगरने १९७३ पासून सिंगल अॅक्शनमध्ये ट्रान्सफर बार टाकला, त्यात सहा चालतात.

मुठीचं मात्र बघाच. ट्रिगरवर बोटाचं पहिलं पेर नीट पोचतंय का, हात पूर्ण वर मागच्या कमानीपर्यंत बसतोय का, आणि नळी हाताच्या हाडाच्या सरळ रेषेत येतेय का. हात लहान असेल तर उघड्या कमानीची बारीक मूठ लावतात पण मॅग्नममध्ये ती अंगठ्याच्या बुडाला मारते, तिथे कमान झाकणारं रबर बरं. लाकूड दिसायला सुंदर, पण खडबडीत नक्षीवालं लाकूड आणि फुल लोड ही जोडी सालटं काढते. मूठ बदलणं हा सगळ्यात सोपा इलाज आहे, तो आधी करा, मग रिव्हॉल्व्हरला नावं ठेवा.

वापरलेली घेणार असाल तर घाई नको, आणि या तपासण्या करायच्याच. आधी स्वतः उघडून रिकामी आहे ते बघा, डोळ्यांनी आणि बोटाने. मग सिलिंडर बंद करून हॅमर अगदी हळू मागे ओढा, सिलिंडरवर बोटाचा किंचित ब्रेक ठेवून, हॅमर पूर्ण मागे जाईपर्यंत सिलिंडर जागेवर लॉक व्हायला पाहिजे. सहाही चेंबरला करून बघा, एखादं मागे राहत असेल तर टायमिंग, म्हणजे हॅमर आणि सिलिंडरचा मेळ, गेलंय. सिलिंडर पुढेमागे हलवून बघा, जाणवण्याइतकं सरकतंय म्हणजे खूप जोरदार काडतुसं खाल्लेली आहेत. सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट ०.१ ते ०.२ मिलिमीटर असावी, फीलर गेज सोबत न्या. नळीचं मागचं तोंड, ज्याला फोर्सिंग कोन म्हणतात, तिथे टॉर्च मारून चीर बघा, चीर दिसली की विषय संपला, परत द्या. वरच्या पट्टीवर फटीच्या बरोबर वर एक बारीक रेघ जळलेली दिसेल, ती थोडी असली तर घाबरायचं कारण नाही. हॅमर मागे असताना अंगठ्याने पुढे ढकललं आणि तो पडला, तर ती रिव्हॉल्व्हर घ्यायची नाही, किंमत कितीही कमी असो.

रेंजवर पहिल्या दिवशी. कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही, कारण .४४ मॅग्नमचा आवाज १६० डेसिबलला जातो आणि एकदा गेलेलं ऐकणं परत येत नाही. डोळ्यांवर चष्मा. पकड उंच, मागच्या कमानीच्या जितकी वर जाईल तितकी, दुसरा हात पहिल्यावर गुंडाळून घट्ट. आणि इथे पिस्तुलावरून आलेल्यांनी कान देऊन ऐका: दोन्ही अंगठे पुढे सोडायची पिस्तुलाची सवय इथे चालत नाही. त्या सिलिंडरच्या फटीतून प्रत्येक बाराला तापलेला गॅस आणि शिशाचे कण बाजूला उडतात, अंगठा किंवा बोट तिथे गेलं तर मॅग्नम ते मांसासकट कापते. अंगठे मागे, एकावर एक दुमडून. शेजारचा माणूस पण फटीच्या रेषेत उभा नको.

कोपर किंचित वाकलेलं, अंग थोडं पुढे, आणि रिव्हॉल्व्हरला वर जाऊ द्या. धक्का अडवायला गेलात की तुम्ही बाराच्या आधीच नळी खाली ढकलायला लागता, तेच ते दचकणं. यावरचा सगळ्यात चांगला सराव रिव्हॉल्व्हरमध्येच होतो: सहापैकी दोन-तीन चेंबरमध्ये वापरलेल्या पुंगळ्या टाका, न बघता सिलिंडर फिरवून बंद करा आणि नेम धरा. पुंगळीवर हॅमर पडला आणि साइट हलली नाही, तर तुम्ही बरोबर आहात. नळी खाली डुचकली तर दचकणं आहे, आणि मग आणखी काडतुसं जाळण्यात अर्थ नाही, परत स्पेशलवर या किंवा .२२ वर या.

बार नेहमीपेक्षा बारीक वाजला, नुसतं फुस्स झालं, तर लगेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी आली तर नळी फुगते किंवा फुटते. नुसतं क्लिक झालं आणि बार नाही, तर नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबायचं, पटकन ट्रिगर ओढून पुढच्या चेंबरवर जायचं नाही, बार उशिरा होऊ शकतो. रिकाम्या पुंगळ्या काढताना नळी वर करून इजेक्टर एकदा जोरात दाबा, हळू दाबला तर न जळलेले दारूचे कण इजेक्टरच्या चांदणीच्या आकाराच्या पट्टीखाली जातात आणि सिलिंडर जड फिरतं. सिलिंडर मनगटाला झटका देऊन बंद करायची फॅशन कुठून आली कोण जाणे, तिने क्रेन, म्हणजे सिलिंडर धरणारा बिजागरीचा दांडा, वाकते. हाताने बंद करा.

आणि घरी जाताना, जेवायच्या आधी हात धुवा, गार पाण्याने आणि साबणाने. उघड्या शिशाच्या गोळ्या वापरत असाल तर जास्तच.

स्पेशल खूप चालवलं की मॅग्नमच्या चेंबरमध्ये केसच्या तोंडाजवळ कार्बनची कडी जमते. ती काढली नाही तर मॅग्नम भरताना अडतं किंवा पुंगळी चिकटते. दर वेळी ब्राँझचा ब्रश आणि सॉल्व्हंटने चेंबर साफ करा, पाच मिनिटांचं काम आहे. फटीच्या आसपास, इजेक्टरच्या चांदणीखाली, एवढं पुसलं की बास.

आता मजेचं. मोठ्या बोअरमध्ये मला जे धरून ठेवतं ते म्हणजे संथपणा. जड गोळी, खोल धप्प आवाज, स्टीलच्या टार्गेटवर .२२ नुसतं टिंग करते आणि ही पूर्ण पाटी मागे लोटते, मग हॅमर परत मागे ओढायचा, श्वास सोडायचा, सिलिंडर एक घर पुढे सरकलेलं बोटाला जाणवतं. तासाभरात पन्नास काडतुसं पुरे होतात. २५ मीटरवर चांगला ग्रुप यायला लागला की ५० वर जा, मग स्टील असेल तर १०० वर. १०० मीटरवर .४४ स्पेशलची गोळी पोचायला जवळजवळ अर्धा सेकंद घेते, बाराचा धक्का सावरून तुम्ही खाली येता आणि मग ठण् ऐकू येतं. तो क्षण ज्याने एकदा ऐकला तो परत येतोच.

फुल मॅग्नमला कधी जायचं? स्पेशलने २५ मीटरवर सहाच्या सहा तळहाताएवढ्या जागेत जायला लागले आणि पुंगळीच्या सरावात साइट हलेनाशी झाली की. तेव्हासुद्धा सिलिंडरमध्ये एकच मॅग्नम आणि पाच स्पेशल, कुठे आहे ते माहीत नको. पुढच्या वेळी दोन. कुणी नवीन माणूस तुमच्याकडे बघायला आला तर त्याच्या हातात सगळ्यात सौम्य काडतूस द्या आणि पहिल्यांदा सिलिंडरमध्ये एकच, कारण धक्क्याने घाबरून दुसरा ट्रिगर नकळत ओढला जातो आणि तेव्हा नळी कुठे असते ते कुणाला माहीत नसतं. गंमत म्हणून नवख्याला फुल लोड देणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत, ते एका माणसाचा छंद पाच सेकंदात संपवतात. आणि तुमचं स्वतःचं, रेंजवरून निघायच्या आधीचे शेवटचे सहा बार नेहमी स्पेशलचे काढा, दिवसभर कितीही मॅग्नम चालवली असली तरी, म्हणजे हाताला शेवटची आठवण मऊ धक्क्याची राहते आणि पुढच्या खेपेला पहिलाच बार नेमावर पडतो.