तेरेखोलचा किल्ला नीट बघायचा असेल तर

गोव्याच्या उत्तर टोकाला तेरेखोलला लोक जातात, तटावर फोटो काढतात आणि पुढची फेरी पकडून परत. किल्ल्यात हॉटेल झालं एवढंच बहुतेकांना माहीत असतं. पण ही वास्तू बघण्यासारखी आहे हो, जरा सवडीने जा.

सुरुवात नदीपलीकडच्या केरी गावाहून येणाऱ्या फेरीबोटीतूनच करा. गाडीत बसून राहू नका, खाली उतरून किल्ल्याकडे बघा. नदीचं तोंड आणि पुढचा समुद्र दोन्ही त्या टेकडीच्या नजरेत आहेत, म्हणून तर सावंतवाडीच्या भोसल्यांनी सतराव्या शतकात ही जागा धरली. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला घेतला आणि १७६४ मध्ये तो बऱ्यापैकी नव्याने बांधला, त्यामुळे आत गेल्यावर मराठा पद्धतीचा दरवाजा, बुरूज शोधत बसू नका, दिसतं ते बहुतेक पोर्तुगीज वळणाचं.

आत शिरलात की आधी भिंतीजवळ जा. जिथे गिलावा उडालाय तिथे लाल-तांबूस चिरा, म्हणजे जांभा दगड, दिसेल, त्यावर हात फिरवा, बारीक बारीक भोकं लागतील. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हत्याराने सहज तासता येतो, आणि मग वारं लागून लागून कडक होतो, म्हणून आपल्याकडे किल्ल्यापासून घराच्या जोत्यापर्यंत सगळीकडे तोच. पण भोकांतून पाणी शिरतं, आणि आपला पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको, त्यासाठी वरून चुन्याचा गिलावा. जुन्या चिऱ्यावर सिमेंट थापलं की आतली ओल आतच कोंडते आणि चिरा झिजायला लागतो, म्हणून कुठेही डागडुजी दिसली की ती चुन्याची की सिमेंटची हे जरूर बघा, मला तरी हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मग चौकात या. चौक लहान, आणि त्यात पांढरं सेंट अँथनी चर्च. ते बंद असेल तर दर्शनी बाजू बघा, मग तटावर चढून वरून सगळी रचना बघा, चर्च मधे आणि भोवती तट.

इतिहासातल्या दोन तारखा तिथे उभं राहूनच आठवा. १८३५ मध्ये बर्नार्दु पेरीस द सिल्वा या पोर्तुगीज कारभाराच्या गोव्यात जन्मलेल्या पहिल्या प्रमुखाच्या बाजूने इथली शिबंदी, म्हणजे किल्ल्यातले सैनिक, बंड करून उठली आणि तिची कत्तल झाली (बऱ्याच ठिकाणी १८२५ छापलंय, ते धरू नका, त्यांनी कारभार हाती घेतला तोच १८३५ च्या जानेवारीत). दुसरी १५ ऑगस्ट १९५४, आल्फ्रेड आफोंसो यांच्यासोबत सत्याग्रही आत शिरले आणि पोर्तुगीजांच्या किल्ल्यावर तिरंगा लावला.

घरून निघण्याआधी किल्ल्यात आत सोडतात का ते विचारून घ्या. ओहोटीला फेरी कधी कधी थांबते, तेव्हा किरणपाणी-आरोंदा पुलावरून रेडीमार्गे या, लांब पडतं पण वाटेत रेडीचा यशवंतगडही बघून होतो.