टायफॉइडची कार्ड टेस्ट खरंच स्वस्त पडते का? लॅबला नवीन लागलेल्यांसाठी

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून मी यावलकडच्या एका छोट्या लॅबला लागलो, पहिल्याच पावसाळ्यात तापाचे पेशंट इतके की दिवसभर विडाल (टायफॉइडची जुनी रक्ततपासणी) नाहीतर कार्ड टेस्ट, एवढंच चालायचं. कार्ड मला फार आवडायचं, पंधरा-वीस मिनिटात रिपोर्ट, मशीन नको, कल्चरसारखं (रक्तातले जंतू वाढवून बघायची टेस्ट) दोन-तीन दिवस थांबणं नको.

मग केळीच्या बागेत कामाला जाणारे एक काका आले, त्यांची बायको सारखी विचारत होती, "टायफाड निंघना का भाऊ?" कार्डावर फिकी रेघ होती, मी पॉझिटिव्ह लिहून दिलं. पाच दिवस सलाईन, इंजेक्शनं, तेवढी मजुरी बुडाली, ताप काही उतरेना आणि शेवटी रक्ताची स्लाईड मायक्रोस्कोपखाली बघितली तर मलेरिया. ती गोष्ट अजून मनातून जात नाही.

त्यानंतर मी कागदावर हिशोब मांडला, तुम्हीपण मांडाच. समजा तापाचे 100 पेशंट, त्यात खरा टायफॉइड 10 जणांना. 2017 च्या कोक्रेन रिव्ह्यूत (बरेच अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष) टायफिडॉट, ट्यूबेक्स या टायफॉइडच्या झटपट किट साधारण 80 टक्क्यांच्या आसपासच आहेत, म्हणून दोन्ही बाजूंनी 80 धरा, म्हणजे टायफॉइड असलेल्या 100 पैकी 80 पॉझिटिव्ह आणि नसलेल्या 100 पैकी 80 निगेटिव्ह. 10 पैकी 8 सापडतात, पण टायफॉइड नसलेल्या 90 पैकी 18 जण फुकट पॉझिटिव्ह येतात, म्हणजे 26 पॉझिटिव्हमध्ये खरे फक्त 8! कार्ड 100 रुपयाला धरलं तर 10,000 झाले, आणि त्या 18 जणांच्या नको असलेल्या औषधाला 500 जरी धरले तरी वर 9,000, बुडालेली मजुरी वेगळीच. तेच साथीत 100 पैकी 40 जणांना टायफॉइड असेल तर 44 पॉझिटिव्हमध्ये 32 खरे निघतात. किट तेच, रेट तोच, पण परवडणं पार बदलून जातं. हे मला कॉलेजात कोणी असं आकडे मांडून सांगितलंच नव्हतं.

कल्चरपण देवासारखं नाही बरं, ते निम्म्या-अर्ध्या केसेस पकडतं, आणि अँटिबायोटिक आधीच चालू असेल तर अजून कमी. पण त्यात कोणतं औषध लागू पडेल ते कळतं, कार्डात ते कळत नाही.

किट कुठे ठेवता तेपण बघा. बऱ्याच कार्डांवर 30 डिग्रीपर्यंत ठेवा असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे जळगावचा मे महिना 45 च्या घरात जातो, लाईट गेली की कपाटात काय होत असेल विचार करा. मी बॉक्सजवळ थर्मामीटर ठेवतो, आणि उन्हाळ्यात पेशंट कमी म्हणून मोठा बॉक्स मागवतच नाही, एक्सपायर झालेलं कार्ड सगळ्यात महाग.

आणि पेशंटला ताप किती दिवसांपासून आहे हे विचारल्याशिवाय सुई लावू नका. दोन-तीन दिवसच झाले असतील तर अँटिबॉडी (जंतूंविरुद्ध शरीर तयार करतं ती, कार्ड तीच शोधतं) बऱ्याचदा अजून पुरेशी तयारच नसते, अशा वेळी मी सरळ डॉक्टरांना फोन करतो की सर आधी मलेरियाची स्लाईड आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करू का, आणि बहुतेक वेळा ते हो म्हणतात.